चॉकलेट-पीनट बटरचे बार: पहिला बुडबुडा आला की गॅस बंद!

मागच्या अंकात ओव्हन न लावता करायच्या चॉकलेट-पीनट बटर बारची कृती दिली होती, ज्याला अमेरिकेत स्कॉचरू म्हणतात, आणि त्यावर इतके मेल आणि व्हॉइस नोट आल्यात की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही त्यांच्यासाठी कृती परत एकदा एका दमात सांगते. कप 240 मिलीचा धरा. आठ इंची चौकोनी ट्रेला बटर पेपर लावून ठेवा, मोठ्या पातेल्यात 3 कप राईस क्रिस्पीज (फुलवलेल्या तांदळाचं नाश्त्याचं सिरियल) किंवा हाताने थोडे चुरडलेले साधे कॉर्नफ्लेक्स आधीच मोजून घ्या, मग जाड बुडाच्या भांड्यात अर्धा कप साखर, अर्धा कप लिक्विड ग्लुकोज (केकचं सामान मिळतं त्या दुकानात डब्यात मिळतं) आणि 2 चमचे पाणी मंद गॅसवर ठेवून साखर विरघळू द्या, कडेने बुडबुडे यायला लागले की गॅस बंद, लगेच अर्धा कप पीनट बटर आणि चिमूटभर मीठ घालून एकजीव करा, पातेल्यात ओता, हलक्या हाताने कालवा, ट्रेमध्ये पसरा. वरून 150 ग्रॅम डार्क चॉकलेट एक चमचा पीनट बटर घालून वितळवून पसरायचं आणि तासाभराने कापायचं. बस एवढंच. आता पत्रं.

डोंबिवलीहून एक वाचक लिहितात: ताई, सगळं तुमच्या मापाने केलं पण बार दगडासारखे झाले. सासऱ्यांनी तोंडात घालून परत काढून ठेवला. पाक मी नीट गोळी येईपर्यंत केला होता, पाण्यात थेंब टाकून बघितलासुद्धा, सात-आठ मिनिटं तरी उकळला असेल. मग चुकलं कुठे?

तुमच्या पत्रातच उत्तर आहे बघा, आणि अशी एकूण पत्रं मोजली तर निम्म्याहून जास्त हाच प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचा हात चांगला आहे, पाकाला सरावलेला आहे, आणि म्हणूनच हे झालं. आपण लहानपणापासून काय बघितलंय, संक्रांतीला तिळाच्या वड्या, कुरमुऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, आणि तिथे आई-आजी काय सांगायची की पाक कच्चा राहिला तर लाडू वळणार नाही, वडी पडणार नाही. थेंब पाण्यात टाकायचा, गोळी झाली का बघायचं, ताटलीवर टाकला तर टण्ण वाजला पाहिजे. ते सगळं बरोबरच आहे कारण चिक्कीत दाणे धरून ठेवायचं काम एकट्या पाकाचं असतं, आणि थंड झाल्यावर तो काचेसारखा कडक व्हायलाच हवा असतो.

या बारमध्ये धरून ठेवायचं काम पीनट बटर आणि ग्लुकोज दोघं मिळून करतात आणि ते मऊसर राहणं अपेक्षित आहे. गोळीबंद पाक साधारण 112 ते 116 डिग्रीला होतो आणि चिक्कीचा टणक पाक 146 ते 154 डिग्रीच्या आसपास. मधे जे घडतं ते फक्त एवढंच की उकळून उकळून पाणी उडून जातं, आणि पाणी जितकं कमी तितका पाक थंड झाल्यावर कडक. सात-आठ मिनिटं खळखळ उकळलात म्हणजे तुम्ही चिक्कीच्या रस्त्याला लागलात आणि मग त्यात पीनट बटर घातलं तरी ते काही वाचवू शकत नाही. इथे साखर विरघळली आणि कडेने पहिले बुडबुडे दिसले की थांबायचं, थेंब टाकून बघायचा नाही, गोळीची वाट बघायची नाही. तुम्हाला वाटेल की अजून पातळ आहे, हे कसं धरणार, तर धरतं, तासाभराने धरतं.

आणखी एक सवय मोडावी लागते. कुरमुऱ्याचे लाडू गरम असताना पाण्याचा हात लावून गच्च दाबून वळतात. इथे पाण्याचा हात अजिबात नको (सिरियल तिथल्या तिथे लोळागोळा होतं) आणि वाटीने ठोकून ठोकून सपाट करणं तर नकोच नको. हाताला थोडं बटर लावा आणि कोपऱ्यांकडे सरकवत नुसतं बसवा. गच्च दाबलं की मधली हवा जाते आणि बरोबर पाक असला तरी बार चावायला जड होतो.

झालेल्या दगडांचं काय करायचं तेही विचारलंय तुम्ही. खलबत्त्यात भरड कुटा आणि आईस्क्रीमवर घाला. फार छान लागतं, मनापासून सांगते, टाकून देऊ नका.

अमेरिकेतल्या आयोवामधून एक आई: इथे शाळेच्या कार्यक्रमाला, ऑफिसच्या पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) कुठेही जा, स्कॉचरू असतातच. माझी मुलं वेडी आहेत त्यापायी. आता साताऱ्याहून सासूबाई सहा महिन्यांसाठी येतायत, त्या पक्क्या शाकाहारी. मला आठवतंय की कुणीतरी सांगितलं होतं की राईस क्रिस्पीजच्या वड्यांमध्ये जिलेटिन असतं. मग हे त्यांना द्यायचं की नाही?

बरं झालं विचारलंत, कारण दोन वेगळ्या गोष्टींची इथे नेहमी सरमिसळ होते. राईस क्रिस्पीज ट्रीट्स म्हणून जे आहेत ते जुने, 1939 साली मिशिगनमध्ये केलॉग कंपनीत काम करणाऱ्या मिल्ड्रेड डे आणि मलिटा जेन्सन या दोघींनी ते तयार केले, कॅम्प फायर गर्ल्स या मुलींच्या संस्थेला विकून पैसे उभे करता यावेत म्हणून. त्यात बटर आणि मार्शमेलो (साखरेची मऊ, स्पंजसारखी मिठाई) वितळवून त्यात सिरियल घालतात, आणि मार्शमेलोमध्ये सहसा जिलेटिन असतं, जे जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतं. ते सासूबाईंना चालणार नाही, हे अगदी खरं.

स्कॉचरू नंतरचे, 1960 च्या दशकात राईस क्रिस्पीजच्या खोक्यावर ती कृती छापून आली आणि तुमच्या मिडवेस्टमध्ये, म्हणजे आयोवाच्या आसपासच्या राज्यांत, ती घराघरात रुजली. त्यात मार्शमेलो नसतोच, कॉर्न सिरप, साखर आणि पीनट बटर, वर चॉकलेट आणि बटरस्कॉच चिप्स निम्मे-निम्मे. म्हणजे घरी केलेत तर जिलेटिनचा प्रश्न मुळातून सुटतो. बटरस्कॉच चिप्स आणि सिरियलच्या पाकिटावरचं घटकांचं लेबल मात्र एकदा वाचा कारण ते कंपनीप्रमाणे बदलतं. पॉटलकमध्ये दुसऱ्याने आणलेल्या डब्यातलं मात्र विचारल्याशिवाय सासूबाईंना देऊ नका, दिसायला दोन्ही सारखेच असतात आणि काही जण सवयीने यातही मार्शमेलो घालतात. (आणि तुमच्याकडे कॉर्न सिरप सहज मिळतं तर तेच वापरा, आमच्या लिक्विड ग्लुकोजपेक्षा ते पातळ असतं म्हणून वरचं 2 चमचे पाणी तुम्ही घालू नका.)

सासूबाई आल्या की त्यांच्याकडून तुम्ही कुरमुऱ्याचे लाडू करून घ्या आणि मुलांना शेजारी बसवा, तांदूळ फुलवून गोडात बांधायचा ही गोष्ट तीच आहे हे त्यांना हाताने कळेल.

रत्नागिरीहून: राईस क्रिस्पीज इकडे मिळत नाहीत, मागवले तर महाग पडतात. तांदळाचेच आहेत तर आपले कुरमुरे का नाही चालणार? मी केले पण दुसऱ्या दिवशी चामट झाले. पाऊस चालू आहे म्हणून असेल का?

चालतात, अगदी चालतात, आणि मला तर त्यांची ती हलकी खारट चव चॉकलेटबरोबर जास्त आवडते. पण दोन्ही एक नाहीत हे लक्षात घ्या. कुरमुऱ्याचा तांदूळ उकडा असतो, त्याला मिठाचं पाणी लावून भट्टीत गरम वाळूत फुलवतात. राईस क्रिस्पीजचा तांदूळ साखर, मीठ आणि माल्ट घालून शिजवतात, वाळवतात, जरासा चेपतात आणि मग तापलेल्या ओव्हनमध्ये फुलवून भाजतात. त्यामुळे त्याला एक खरपूस कवच येतं आणि तो ओल्या मिश्रणातही बराच वेळ टिकतो. आपला कुरमुरा आतून स्पंजसारखा, हवेतला दमटपणा ओढून घेण्यात पटाईत, आणि रत्नागिरीचा जुलै म्हणजे काय ते मी सांगायला नको.

उपाय असा की कुरमुरे कढईत अगदी मंद गॅसवर पाच-सहा मिनिटं हलवत राहा, बोटात चुरडला की भुगा झाला पाहिजे, वातड लागला तर अजून परता. मग ताटात पसरून पूर्ण गार करा आणि गार झाल्या झाल्या वापरा. गरम कुरमुऱ्यांवर गरम मिश्रण ओतलं की वाफ आतच कोंडते. भडंगाला वापरतात ते जाड चुरमुरे मिळाले तर ते घ्या, भेळेचे पातळ नको. मोजताना वजनाने मोजू नका, 3 कप म्हणजे 3 कप, कुरमुरे हलके असतात आणि 80-90 ग्रॅम घ्यायला गेलात तर ढीग होईल आणि मिश्रण पुरणार नाही. आणि पावसाळ्यात दोन दिवसात संपवा, चार दिवस कुरकुरीत राहतील असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.

सांगलीच्या एक आजी, नातीकडून टाइप करून घेतलेलं पत्र: पीनट बटर विकत कशाला आणायचं, घरचे शेंगदाणे आहेत. पण मिक्सरमध्ये कूट होतं, लोणी होत नाही. आणि साखरेऐवजी गूळ घातला तर पोरांना बरं ना?

आजी, तुमचं एकदम बरोबर, घरचंच करा. कूट झाल्यावर तुम्ही थांबताय, तिथे थांबायचं नाही एवढंच. दाणे मंद गॅसवर खमंग भाजा, सालं काढा, आणि कोमट असतानाच मिक्सरला लावा कारण कोमट दाण्याचं तेल लवकर सुटतं. आधी कूट होईल, मग ते भांड्याच्या कडेला चिकटून बसेल, मग त्याचा एक गोळा होईल आणि असं वाटेल की आता काही पुढे जात नाही, तिथे मिक्सर बंद करून दोन मिनिटं गार होऊ द्या, कडा खरवडा, परत फिरवा. दहा मिनिटांत तो गोळा सैल पडून चकचकीत व्हायला लागतो. फारच घट्ट वाटलं तर एक चमचा शेंगदाणा तेल घाला पण पाणी एक थेंबसुद्धा नाही, पाणी पडलं की ते घट्ट होतं आणि टिकतही नाही. दाणे निवडताना काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे आणि कडू लागणारे काढूनच टाका, दमट साठवलेल्या दाण्यात जी बुरशी धरते तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते भाजल्यानेही पूर्ण जात नाही. यात काटकसर नको.

घरच्या लोण्यावर तेल तरंगतं ते खाली-वर नीट ढवळूनच मोजा, नाहीतर पहिला बार तेलकट आणि शेवटचा कोरडा होईल. विकतच्या काही बाटल्यांत तेल तरंगत नाही कारण त्यात घट्ट राहणारी वनस्पती चरबी घातलेली असते, म्हणून त्याचे बार जरा घट्ट बसतात. घरच्याचे थोडे मऊ होतील, चव मात्र खूपच पुढची.

गुळाचं म्हणाल तर चव सुंदर येते म्हणून जरूर घाला, पाऊण वाटी किसलेला साधा गूळ आणि 2 चमचे पाणी, विरघळला की गाळून घ्या, परत ठेवून फेस वर आला की बंद. चिक्कीचा गूळ मात्र घेऊ नका, त्याचा पाक फार पटकन ताणला जातो आणि परत आपण दगडांवर येतो. पण पोरांना बरं असतं म्हणून गूळ, हे मला पटत नाही. गूळही बहुतेक सगळा साखरच आहे, तेव्हा तुकडे लहान कापा, ते जास्त कामाचं. आणि एक, पाकाऐवजी मध घालणाऱ्यांसाठी, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं काहीही चाटवायचं नाही, बोटाला लावूनसुद्धा नाही, त्यातून बॉट्युलिझम नावाच्या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

नागपूरहून: मे महिन्यात केले. चॉकलेट सेटच झालं नाही, फ्रीजमध्ये ठेवले तर झालं पण बाहेर काढल्यावर पांढरे डाग. बुरशी समजून आईने सगळे फेकले.

अरेरे, फेकायला नको होते, ती बुरशी नव्हती. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर 34 डिग्रीच्या आसपास वितळतं, आणि तुमच्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, घरातही पस्तीसच्या वर असणार, मग ते सेट होणार तरी कसं. पांढरे डाग दोन कारणांनी येतात. चॉकलेट मऊ होऊन परत घट्ट झालं की कोको बटर वर येऊन पांढरट थर धरतं, किंवा फ्रीजमधून काढल्यावर दमट हवेचं पाणी गार चॉकलेटवर बसतं, साखर त्यात विरघळते आणि पाणी उडालं की साखर वर पांढरी उरते. दोन्ही खाल्लेलं चालतं. बुरशी असेल तर तिला केसासारखी लव असते आणि वास येतो.

उन्हाळ्यात वरच्या थरासाठी चक्क कंपाऊंड चॉकलेट वापरा. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेलाची घट्ट चरबी असते, ते खऱ्या चॉकलेटइतकं मऊ पडत नाही, आणि त्याचं टेम्परिंग (चकाकी यावी म्हणून ठरावीक तापमानाला गरम-गार करणं) वगैरे काही करावं लागत नाही. चव थोडी मेणचट लागते, मी स्वतः थंडीत कधीच वापरत नाही, पण नागपूरच्या मेमध्ये तेच शहाणपणाचं. त्यात पीनट बटरचा तो चमचाही घालू नका कारण दाण्याच्या तेलाने थर आणखी मऊ पडतो. बार घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा आणि खायच्या आधी डबा न उघडता दहा मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे पाणी डब्याच्या बाहेरून सुटेल, चॉकलेटवर नाही.

कोल्हापूरहून, घाईत: चॉकलेट वितळवताना अचानक मातीसारखं झालं, आता?

पाण्याचा थेंब किंवा वाफ गेली. खालच्या भांड्यातलं पाणी वरच्या भांड्याला टेकू देऊ नका, चमचा कोरडा घ्या, आणि मायक्रोवेव्ह असेल तर 30-30 सेकंद लावून दर वेळी ढवळा. बिघडलेलं परत थरासाठी सुधरत नाही, त्यात चमचा-चमचा गरम दूध घालत ढवळा, छान सॉस होतो.

पुण्याहून एक आई: मुलीच्या वाढदिवसाला वर्गात हे बार पाठवायचे होते. तिच्या वर्गात एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे असं कळलं. त्याच्यासाठी दोन-चार बार बिनदाण्याचे करून वेगळ्या पिशवीत दिले तर चालेल ना?

नाही, कृपया असं करू नका. शेंगदाण्याच्या ॲलर्जीत अगदी थोडा अंशसुद्धा जिवावर बेतू शकतो, आणि त्याच ओट्यावर, त्याच सुरीने, त्याच मिक्सरच्या भांड्यात केलेला बार बिनदाण्याचा राहत नाही. शिवाय वर्गात पोरं हाताने एकमेकांचं खातात. आपल्याकडे अजून 'दाण्याची कसली ॲलर्जी, थोडं खाल्लं की सवय होते' असं म्हणणारी माणसं भेटतात, मला ते ऐकून फार वाईट वाटतं, सवय होत नाही, श्वास कोंडतो.

वर्गात दाण्याचं काहीच पाठवू नका आणि त्या मुलाच्या आईला आधी फोन करा. ती हो म्हणाली तर सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया भाजून असंच लोणी करता येतं, चव वेगळी पण गोडात चांगली मिसळते. तीळ घेऊ नका, त्याचीही अनेकांना ॲलर्जी असते. चॉकलेट आणि सिरियलच्या पाकिटावर ॲलर्जीची माहिती छापलेली असते ती वाचा, 'दाणे असू शकतात' असं लिहिलं असेल तर ते पाकीट बाजूला. बहुतेक कॉर्नफ्लेक्समध्ये बार्लीचा माल्ट असतो, म्हणून ग्लुटेन न चालणाऱ्यांनाही ते चालत नाहीत. आणि तिची खात्री पटली नाही तर वाढदिवसाला पेन्सिली वाटा, मुलीला कारण नीट समजावून सांगा, या वयाच्या मुलांना ते आपल्यापेक्षा लवकर कळतं.

ऑस्ट्रेलियाहून, मेलबर्न: इथे वाढदिवसाला चॉकलेट क्रॅकल्स असतात, त्यात पाकच नसतो. ते धरतात कसे?

ते सगळे चरबीवर धरतात. तिथे राईस क्रिस्पीजला राईस बबल्स म्हणतात, त्यात पिठीसाखर, कोको, सुकं खोबरं आणि वितळवलेली कोफा, म्हणजे नारळाच्या तेलाची घट्ट केलेली चरबी घालतात आणि कागदी वाट्यांमध्ये फ्रीजला लावतात. आपल्याकडे थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजतं ना, साधारण 24 डिग्रीच्या खाली, तेच तत्त्व. कोकणातल्या वाचकांनी खायच्या खोबरेल तेलात करून बघायला हरकत नाही, पण फ्रीजमधून काढलं की लगेच खायचं.

हॉस्टेलवरचा एक विद्यार्थी: गॅस नाही, इंडक्शन लावू देत नाहीत, फक्त पाण्याची किटली आहे. माझं काही होईल का?

होईल की, आणि तुझं सगळ्यात सोपं आहे. किटलीतलं उकळतं पाणी एका रुंद मगमध्ये अर्ध्यापर्यंत ओत, वर स्टीलची वाटी अशी ठेव की बूड पाण्याला टेकणार नाही. वाटीत 100 ग्रॅम चॉकलेटचे बारीक तुकडे, पाच मिनिटं हात न लावता ठेव, मग ढवळ, अजून गुठळ्या राहिल्या तर मगमधलं पाणी बदल. वितळलं की वाटी काढून तिचं बूड आधी पुसून घे, पाणी आत पडायला नको. मग 2 मोठे चमचे पीनट बटर आणि डब्यात काढून ठेवलेले 2 कप कॉर्नफ्लेक्स, कालव, आणि वहीच्या प्लॅस्टिक कव्हरवर नको, स्वच्छ ताटलीला थोडं तूप किंवा तेल लावून तिच्यावर चमच्याने छोटे ढीग घाल. पंख्याखाली तासभर. उन्हाळा असला तर मेसच्या मावशींना विचारून त्यांच्या फ्रीजमध्ये ठेव आणि दोन त्यांनाही दे.